नांगर वजनाने धरत नाही

सीमनशिपच्या पहिल्या तासाला दरवर्षी कोणीतरी छात्र विचारतोच, "सर, आपल्या बोटीला किती किलोचा नांगर लागेल?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पाणी किती खोल, साखळी किती मीटर आणि दोर किती मीटर, हे कळल्याशिवाय नांगराच्या वजनाला फारसा अर्थ नसतो. योग्य लांबीचा दोर असलेला सात किलोचा नांगर जिथे होडी धरून ठेवतो, तिथे आखूड दोराचा पंधरा किलोचा नांगर तळावरून घसरत जातो.

आपल्यापैकी पुष्कळ छात्र शेतकरी घरांतले आहेत, त्यांना हे पटवणे सोपे जाते. मराठीत शेतातल्या आणि बोटीच्या नांगराला एकच शब्द आहे, आणि दोघांचे काम चालते तेही एकाच तऱ्हेने. बैलांनी ओढलेला नांगर जमिनीत शिरतो तो काही नुसत्या वजनाने नव्हे. ओढ पुढच्या दिशेने आणि बेताच्या उतारात असली म्हणजे फाळ आपोआप माती धरतो. तीच ओढ वरच्या बाजूला वळली की फाळ उचलला जातो आणि नांगर जमिनीवरून नुसता खरडत जातो. बोटीच्या नांगराचे पंजेही असेच. ओढ तळाला जवळजवळ समांतर आली तर ते वाळूत खोल जातात, आणि वर उचलणारी आली तर निघून येतात. इंग्लंडमध्ये जेफ्री इंग्रॅम टेलर या शास्त्रज्ञाने १९३३ साली अगदी शेतातल्या फाळाच्या आकाराचा बोटीचा नांगर तयार केला आणि तो जगभर वापरला गेला. मराठी माणसाला त्या आकाराचे नवल वाटण्याचे कारण नाही.

मग नुसता जड दगड बांधला तर? लहान होड्यांवर अजूनही हे चालते, म्हणून एक हिशेब देतो. पाण्यात बुडालेली वस्तू आपण बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी हलकी होते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. लोखंडाच्या बाबतीत ही घट सुमारे आठव्या भागाची असते. वालुकाश्माच्या बाबतीत ती चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे किनाऱ्यावर वीस किलो भरणारा दगड तळाशी जेमतेम बारा किलोचा उरतो, आणि त्याला माती धरायला पंजेही नाहीत.

आता साखळी आणि दोर यांच्याकडे वळतो. हा विषय मला नव्याने लिहावासा वाटला तो वाराणसीमुळे. माझ्या मावशीचे सासर तिथे ब्रह्माघाटाजवळ आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्याकडे चार दिवस राहिलो. नदी चढत होती, नौकाविहार बंद होता, आणि नौदलातून निवृत्त झालेल्या माणसाला बंद होड्या कशा बांधल्या आहेत हे पाहण्याइतकी करमणूक दुसरी नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ तेच पाहत बसलो.

वाराणसीत गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पश्चिमेच्या काठावर घाट आहेत, तिथे पाणी खोल. समोरच्या पूर्वेच्या काठावर वाळूचा विस्तीर्ण पट्टा. उन्हाळ्यात पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साठ मीटरच्या आसपास असते. केंद्रीय जल आयोगाची इशारा पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, आणि १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरवर गेले होते. म्हणजे उन्हाळा आणि पूर यांत दहा मीटरहून अधिक फरक. तीन मजली इमारतीएवढे पाणी वर येते आणि परत जाते, आणि होडी कुठेतरी बांधलेली असावीच लागते. समुद्रावर भरती-ओहोटीचे तक्ते आधी छापून मिळतात, पण पुराचे वेळापत्रक नसते.

घाटाच्या पायऱ्यांत लोखंडी कड्या बसवलेल्या आहेत. मी पाहिलेल्या बऱ्याच होड्यांची बांधणी अशी होती: कडीपासून दोन-तीन मीटर साखळी, आणि तिथून होडीच्या पुढच्या टोकापर्यंत जाड दोर. आपल्या कोकणात या टोकाला नाळ म्हणतात. नांगर टाकतानाही आपण नांगराकडे साखळी आणि होडीकडे दोर ठेवतो, म्हणजे रचना तीच. एका वयस्क नाविकाला मी विचारले, "चाचा, पूर्ण साखळीच का नाही बांधत? दोरापेक्षा पक्की." आमचे बोलणे हिंदीतून चालले होते. तो हसून म्हणाला, "साहेब, साखळीवर चाकू चालतो का?"

त्याच्या उत्तराकडे येतोच, आधी साखळीचे काम पाहू. दगडी पायरीच्या कडेवर किंवा तळातल्या खडकावर दोर रात्रभर घासला तर सकाळपर्यंत त्याचे धागे सुटलेले असतात. साखळीला घासण्याने काही होत नाही. घासण्याची जागा असेल तिथे साखळी हवी, ती यासाठी. नांगराच्या बाबतीत तिचे आणखी एक काम आहे. आठ मिलिमीटर जाडीची साखळी दर मीटरला सुमारे १.४ किलो भरते. अशी सहा मीटर साखळी म्हणजे आठ किलोंहून जास्त वजन, आणि तेही नांगराच्या दांड्याला लागून तळावर पसरलेले. होडी मागे ओढली जाते तेव्हा दोर तिरपा होतो, पण साखळीचा शेवटचा भाग तळावरच पडून राहतो. त्यामुळे नांगराला मिळणारी ओढ आडवी राहते. साखळीला मध्ये जो झोळ पडतो, तो होडीचे बारीकसारीक हिसकेही पोटात घेतो.

पण प्रवाह जोराचा झाला की झोळ संपतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर होडीवरची ओढ चौपट होते, हे लक्षात ठेवा. साखळी ताठ झाली की ती सळईसारखी वागते आणि प्रत्येक हिसका सरळ नांगराला आणि होडीच्या खुंट्याला बसतो. खुंटा उपटला जाण्याचे प्रकार असेच होतात. इथे दोर कामाला येतो. नायलॉनचा पीळदार दोर ताणला की लांबतो आणि ओढ कमी झाली की परत आखडतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण वाईट अर्थाने वापरतो, पण दोराच्या बाबतीत पीळ टिकणे हा गुणच आहे. हिसका शोषला जातो तो काही अंशी या पिळामुळे आणि काही अंशी नायलॉनच्या धाग्यामुळे.

बाजारात स्वस्त मिळणारा रंगीत प्लास्टिकचा दोर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, नांगरासाठी घेऊ नये. तो पाण्यावर तरंगतो, दुसऱ्या होडीच्या पंख्यात अडकतो आणि उन्हाने कुजतो. वरून चकचकीत दिसणारा दोर हातात चुरगाळला की पांढरी पूड पडते, तेव्हा समजावे की त्याचे दिवस भरले.

आता त्या नाविकाच्या चाकूबद्दल. संध्याकाळी होडी कडीला आखूड बांधली आणि पाणी रात्रभर चढत राहिले, तर कडी पाण्याखाली जाते. होडीला वर उचलले जायचे असते, पण तिचे पुढचे टोक खाली बांधलेले असते. टोक खाली आणि मागची बाजू वर, अशा अवस्थेत प्रवाहाचे पाणी पुढून आत शिरते आणि होडी बांधल्या जागी बुडते. त्या क्षणी ताठलेली साखळी सोडवता येत नाही आणि कापताही येत नाही. दोर एका घावात तुटतो. म्हणून होडीच्या बाजूला नेहमी दोर, आणि हाताशी धारदार चाकू. बोटीवर साखळीच साखळी असली, तरी तिचे शेवटचे टोक होडीला दोरीनेच बांधायचे, ते याच कारणासाठी. आणि ते टोक बांधलेले आहे की नाही हे नांगर सोडण्याआधी पाहायचे. नांगर, साखळी, दोर सगळे सुळकन पाण्यात गेले आणि होडी मोकळी राहिली, असे प्रकार जगभर होतात. त्यात हसण्यासारखे काही नाही.

पाणी चढत असताना तिथले नाविक रात्री उठून होड्या वरच्या कडीला नेतात. ते आधी वरच्या कडीला दुसरा दोर बांधतात, त्याच्यावर भार आला याची खात्री करतात, आणि मगच खालचा सोडतात. एका क्षणासाठीही होडी बिनदोराची राहत नाही. पूर ओसरतानाही जागे राहावे लागते. पाणी उतरले की होडी पायरीच्या कडेवर अडकते आणि एका अंगावर कलंडते. तेव्हा पूर गेला म्हणून झोपून चालत नाही.

होडी सुटली तर काय होते, तेही सांगतो. प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर एक किलोमीटर जायला आठ मिनिटे पुरतात. ब्रह्माघाटाच्या खाली, फार लांब नाही, राजघाटाचा मालवीय पूल आहे. १८८७ साली खुला झालेला हा पूल दगडी खांबांवर उभा आहे. सुटलेली होडी आडवी होऊन खांबाला लागली तर पाणी तिला तिथेच दाबून धरते. आत माणूस असेल तर त्याच्याकडे आठ मिनिटेही नसतात.

गाठीचे दोन शब्द. कडीला दोर बांधताना एक पूर्ण वेढा आणि दोन हाफ हिच घाला, बोलाइन नको. बोलाइन उत्तम गाठ आहे, पण भार असताना ती सुटत नाही. पूर्ण वेढ्याची गाठ भाराखालीही हळूहळू सोडता येते, कारण वेढाच बरीच ओढ धरून ठेवतो. नांगराच्या कडीला मात्र दोर थेट बांधायची वेळ आली तर नांगरगाठ घाला: कडीतून दोन वेढे, आणि पहिला हाफ हिच त्या दोन्ही वेढ्यांच्या आतून. ओला दोर कितीही हलला तरी ती गाठ ढिली पडत नाही. दोर आणि साखळी जोडायला सर्वांत चांगले म्हणजे दोराच्या टोकाला धातूचा थिंबल बसवून स्प्लाइस केलेला डोळा, आणि त्यात शॅकल. कुठलीही गाठ दोराची एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक ताकद खाते, स्प्लाइस फार कमी खातो. शॅकलची पिन फिरून निघू नये म्हणून तिला बारीक तारेने बांधून टाका. तार पाच रुपयांची असते. तिच्या अभावी गेलेल्या नांगराची किंमत तुम्ही काढा.

लांबीचा नियम हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून वही काढा. खोली मोजताना पाण्याची खोली आणि पाण्यापासून होडीच्या टोकाची उंची यांची बेरीज घ्यायची. सोडलेल्या साखळी-दोराची एकूण लांबी या बेरजेच्या किमान पाचपट, आणि वारा किंवा प्रवाह जोराचा असेल तर सातपट. का, ते दहावीच्या त्रिकोणमितीतून काढता येते. साखळी-दोर सरळ ताणला गेला असे धरा. तिप्पट लांबीला तो तळाशी सुमारे १९.५ अंशांचा कोन करतो, पाचपटीला ११.५ अंश, सातपटीला सुमारे ८ अंश. कोन जितका लहान, तितका फाळ खोल.

आता वाराणसीच्या समोरच्या वाळूच्या बाजूला होडी नांगरली आहे असे समजा. पाणी तीन मीटर, टोकाची उंची अर्धा मीटर, बेरीज साडेतीन. पाचपट म्हणजे १७.५ मीटर, आणि तेवढे आपण सोडले. नदी तासाला दहा सेंटिमीटर चढते आहे. दहा तासांनी बेरीज साडेचार होते आणि आपले पाचपट ३.९ पटीवर येते. आणखी दहा तासांनी ३.२. दोर तोच, गाठ तीच, नांगर तोच, आणि तरी संध्याकाळी पक्की असलेली होडी दुसऱ्या दिवशी घसरू लागते. चढत्या पाण्यात नांगरलेल्या होडीवर पहारा ठेवायचा तो यासाठी. पहारेकऱ्याने दोर वाढवायचा असतो, नुसते पाहत बसायचे नसते. हा हिशेब सोपा जावा म्हणून दोरावर दर पाच मीटरला रंगीत धाग्याच्या खुणा कराव्यात, आणि त्या अंधारात हाताला लागतील अशा असाव्यात.

सहा मीटरच्या आसपासच्या होडीला निदान होडीच्या लांबीइतकी साखळी, आणि १० ते १२ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर पुरतो. साखळीच्या कडीची जाडी दोराच्या निम्मी असली तरी चालते, थोडी जास्त असली तर बरे. नांगराचा प्रकार तळ पाहून ठरतो. वाळूत आणि गाळात दोन रुंद पात्यांचा डॅनफोर्थ चांगला, खडकाळ जागी चार आकड्यांचा. घाटाच्या बाजूला तळाशी जुने दगड, लाकडे आणि दोर पडलेले असतात, त्यामुळे तिथे आकडे अडकले की निघत नाहीत. अशा जागी नांगराच्या डोक्याला एक बारीक दोरी बांधून तिचे टोक तरंगत्या डब्याला लावावे. पुढून निघाला नाही तर नांगर उलट्या बाजूने ओढता येतो.

नांगर टाकताना होडीचे तोंड प्रवाहाकडे करा, थांबा, आणि नांगर फेकू नका, हाताने खाली सोडा. फेकलेली साखळी नांगरावरच ढीग होऊन पडते. होडी प्रवाहाबरोबर मागे जाऊ लागली की दोर सोडत राहा. तिसरा हिस्सा गेला की खुंट्याला एक वेढा देऊन अलगद ताण द्या, म्हणजे फाळ चावतो. मग उरलेला सोडा. सोडताना पाय दोराच्या वेटोळ्यात नको. दोर पळायला लागला की पाय सोडवायला वेळ मिळत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवे, बाकाखाली नव्हे.

नांगर धरला की नाही हे कळायला काठावरच्या, शक्यतो बाजूला असलेल्या, एकामागे एक अशा दोन वस्तू एका रेषेत पाहून ठेवा. वाराणसीत याची चैन आहे. शिंदे घाटाशेजारचे कललेले रत्नेश्वराचे मंदिर आणि त्यामागच्या इमारतीचा कोपरा, किंवा नागपूरकर भोसल्यांच्या घाटावरचा बुरूज आणि मागचे शिखर. रेषा सरकू लागली तर आपण सरकतो आहोत. दोरावर हात ठेवूनही समजते: धरलेल्या नांगराचा दोर शांत असतो, घसरणाऱ्या नांगराचा दोर थरथरतो. शिंदे घाटाबद्दल जाता जाता एक गोष्ट. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला हा घाट स्वतःच्याच भाराने नदीत खचला असे तिथे सांगतात. नुसत्या वजनावर विसंबणाऱ्यांनी तो एकदा पाहून यावा.

सर्वांत गंभीर गोष्ट मुद्दाम वेगळी सांगतो. लहान होडी मागच्या बाजूने कधीही नांगरू नका. मागची बाजू सपाट आणि बुटकी असते, शिवाय इंजिनाचे वजन तिथेच असते. प्रवाह तिच्यावर आदळतो, दोर तिला खाली ओढतो, आणि पहिले पाणी आत आले की दुसरे यायला वेळ लागत नाही. मधोमध बाजूला बांधणे तितकेच वाईट, कारण होडी प्रवाहाला आडवी होते. यावर एखादा वाचक छात्र म्हणेल की दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या नौका मागून नांगर टाकत असत. खरे आहे. त्या किनाऱ्याकडे तोंड करून वाळूवर चढत, आणि परतताना त्याच नांगरावर स्वतःला मागे ओढून घेत. डॅनफोर्थ नांगराचे नाव त्याच कामात झाले. पण त्या नौका मोठ्या होत्या. आपली २७ फुटी व्हेलर, किंवा घाटावरची पर्यटकांची होडी, त्या जातीची नव्हे.

पालकांपैकी कोणी काशीयात्रेला गेले आणि होडीत बसले, तर चढण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: प्रत्येकाला पुरतील एवढी लाइफ जॅकेट्स आहेत का, आणि होडीच्या पुढच्या टोकाला दोर व्यवस्थित वेटोळे करून ठेवला आहे का. ज्या नावाड्याचा दोर गुंतागुंतीचा पडलेला असतो, त्याच्या होडीत मी बसत नाही. घासाघीस पैशांची करावी, याची नव्हे.

नांगर काढताना सगळा हिशेब उलटा होतो. दोर गोळा करत होडी पुढे न्यायची, म्हणजे पटीची संख्या कमी होत जाते. दोर सरळ उभा झाला की ओढ वरच्या दिशेची होते आणि फाळ आपोआप माती सोडतो. घाई करून लांबूनच ओढणारे चार वल्हेकरी दमतात, आणि नांगर आणखी खोल जातो. वर आलेली साखळी होडीत घेण्याआधी बाहेरच हलवून गाळ धुऊन टाका. गंगेचा गाळ वाळला की तो कड्यांमधून निघता निघत नाही. दोर सावलीत वाळवून, पिळाच्या दिशेने वेटोळे करून ठेवा, आणि साखळी त्याच्यावर नव्हे, त्याच्या शेजारी.